राष्ट्रीयत्वाचा रकाना

काल सकाळी हॉलमध्ये टेबलं आली. दोन केअरटेकर, एक ढकलगाडी, आणि फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून आधीच अंथरलेलं करडं रबर. आधी त्या रबराचा वास नाकात शिरतो, मग खिडकीतून येणारा कापलेल्या गवताचा, मग कुणाची तरी पहिली शिंक ऐकू येते. लंडनजवळच्या पिनरमध्ये मे महिना असा येतो. बाहेर लोक म्हणतात, काय सुंदर हवा पडलीय. आत आम्ही टिश्यूचे खोके लावून ठेवतो.

मी इथल्या एका शाळेत एक्झाम्स ऑफिसर आहे. शिकवणं माझ्याकडे नाही, परीक्षा घेणं आहे. कोण कुठे बसणार, कुणाला जास्तीचा वेळ, कुणाला वेगळी खोली, कुणाच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल, कॉपी नको म्हणून, काढायचं राहिलंय, हे सगळं माझ्या यादीत असतं. घरीही तेच. फ्रिजवर एक यादी, पर्समध्ये एक. सतीश, माझा नवरा, म्हणतो की मी मेल्यावर काय काय करायचं त्याची यादी लॅमिनेट केलेली सापडेल. सापडेलच. त्यात मला लाज वाटत नाही. गोष्ट नीट लिहिली की नीट होते, असं माझं मत होतं. सातेक वर्षांपूर्वीच्या एका मे-जूनपर्यंत होतं.

त्या वर्षी नव्या पर्यवेक्षकांमध्ये ल्हामो आली. चाळिशीची, बुटकी, केस घट्ट बांधलेले, पायात अजिबात न वाजणारे बूट. पर्यवेक्षकांच्या बुटांचा आवाज ही मुलांची नेहमीची तक्रार असते. ही बाई विचार करून आली होती. मला तिथेच आवडली. चहाच्या सुट्टीत ती खिडकीशी उभी राहून फोनवर बोलत होती : ‘हाव, येऊन राहिली ना मी मँचेस्टरले. पेपर तर संपू दे बाप्पा.’ माझ्या हातातला कप हातातच राहिला.

‘तुम्ही मराठी?’

‘गोंदियाची आहो मी, मॅडम. माझी शाळेतली मैत्रीण होती फोनवर. आन् तुम्ही?’

‘ओरिजिनली पुण्याची. आता इथेच सेटल्ड.’

‘पुण्याची? मंग तुमच्या मराठीत एवढं इंग्रजी काऊन?’

ल्हामोचे आईवडील तिबेटी. एकोणसाठ साली हजारो लोक डोंगर ओलांडून भारतात आले, त्यांत तिचे वडील होते. सहा वर्षांचे, मामाच्या पाठीवर. पुढे विशीत ते गोंदियाकडच्या वसाहतीत आले. ज्यांनी जन्मात झाड फारसं पाहिलं नव्हतं त्यांना जंगल मिळालं, आणि बर्फातल्या माणसांना विदर्भाचा उन्हाळा. धान पेरलं, हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकले, बाजारात उभं राहून मराठी शिकले. ल्हामो तिथेच जन्मली.

हे ती सांगत होती आणि मला आमच्या पुण्यातले स्वेटरवाले आठवत होते. दर थंडीत रस्त्याच्या कडेला बांबू आणि ताडपत्रीची दुकानं लागायची. लोकरीचा दमट वास, गालांवर लाल रेषा असलेल्या बायका, आणि आई भाव पाडताना आम्हाला म्हणायची, ‘त्या चिन्यांकडचे घेऊ, टिकतात.’ त्या बायकांना मराठी येत होतं. त्यांनी ते ऐकलं असणार. दर वर्षी ऐकलं असणार. आईने कधी विचारलं नाही, मीही नाही. आम्हाला स्वेटर हवे होते.

मग दर शनिवारी मी जवळच एजवेअरला, ल्हामो आणि तिचे वडील राहत त्या फ्लॅटवर जायला लागले. वडिलांना ल्हामो ‘पाला’ म्हणायची. मी नोरबूकाका म्हणायला लागले. लोण्याचा आणि मिठाचा चहा ते मिक्सरमध्ये घुसळायचे. पहिला घोट मला सूपसारखा लागला, दुसरा घेववला नाही. ते म्हणायचे, ‘राहू द्या. तुमच्या पुण्याचा चहा तं मलेही जात नाही. साखरच साखर, आन् कप एवढुसा.’ ताटात भात, वरण आणि लाल मिरचीचा ठेचा. खिडकीतून दिसायचा सुपरमार्केटचा कारपार्क. भिंतीवर एक फोटो : अंगण, एक याक, आणि बारा वर्षांची मुलगी. ती त्यांची बहीण. एकोणसाठ साली म्हाताऱ्या आजीला सोडवेना म्हणून ती मागे राहिली होती.

‘आमचं ठरलं होतं,’ काका म्हणाले. ‘मामानं तिले सांगतलं, पुढच्या हिवाळ्यात वापस येऊ.’

आज हॉलमध्ये मी टेबलांवर नंबर चिकटवत होते आणि अचानक तो ‘पुढचा हिवाळा’ डोक्यात आला. सहा वर्षांच्या मुलाला माणसं असंच सांगतात. परकी फौज देशात आल्यावर जे पळाले त्यांनाही तसंच वाटलं असणार, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याला लढा म्हणतात, चळवळ म्हणतात, त्यावर भाषणं होतात. काकांच्या घरी तो लढा म्हणजे दहा मार्चला, एकोणसाठच्या उठावाच्या स्मृतिदिनी, घालायचा इस्त्री केलेला काळा झगा होता. दर वर्षी त्या दिवशी ते लंडनच्या मिरवणुकीत चालायचे, झेंड्याची एक काठी हातात. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस तो झगा कपाटात.

त्या मे महिन्यात निरोप आला की बहीण आजारी आहे. निरोप थेट येत नसे. तिकडच्या कुणीतरी काठमांडूतल्या कुणाला सांगायचं, त्याने ल्हामोला. फोन केला तर तिकडच्या माणसाला त्रास होतो, म्हणून फोन नाही. जायचं तर एकच वाट होती. ज्यांनी देश घेतला त्यांच्याच कचेरीत परवानगीसाठी अर्ज करायचा. काकांकडे पासपोर्ट नव्हता; आपल्या भारत सरकारने निर्वासितांना दिलेलं पिवळं पुस्तक होतं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘चिनी’ लिहिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, असं आधी जाऊन आलेल्या कुणीतरी ल्हामोला सांगितलं होतं.

‘मॅडम, तुम्ही भरून द्याल काय?’ ती म्हणाली. गणिताचा पहिला पेपर नुकताच संपला होता आणि आम्ही उत्तरपत्रिका नंबराप्रमाणे लावत होतो. ‘तुमचा फॉर्म कधी वापस येत नाही म्हणतात.’

हे खरं होतं आणि मला ते ऐकायला आवडलं. आवडलं हे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

शुक्रवारी संध्याकाळी मी तो अर्ज भरला. कच्चा वेगळा, पक्का वेगळा. काळी शाई, मोठी अक्षरं, प्रत्येक चौकटीत एक. राष्ट्रीयत्वाचा रकाना आला तेव्हा पेन थांबलं असेल असं मला आज वाटावंसं वाटतं. थांबलं नाही. काकांना विचारत बसलो तर वेळ जाईल, माणसं भावनिक होतात, ल्हामोला त्रास होईल. शब्द लिहायचाच आहे तर आपण लिहून टाकावा, म्हणजे त्यांनी फक्त सही करायची. सहीच्या जागी मी पिवळा स्टिकर लावला. तो बाण असलेला असतो ना, तसा.

माझा स्वतःचा देश बदलायला मला एक दुपार लागली होती. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ, राणीच्या फोटोशेजारी फोटो, कागदी कपात कॉफी. भारतीय पासपोर्ट मी पोस्टाने परत केला. कारण एवढंच की सुट्टीत स्पेनला जाताना दर वेळी व्हिसा काढायचा कंटाळा आला होता. त्या दिवशीच्या यादीत तो पाचव्या नंबरवर होता. त्यावर टिक केली आणि सहाव्याकडे वळले. मी वाईट माणूस आहे म्हणून नव्हे. जो देश कुणी हिसकावून घेत नाही तो सोडून देणं फार सोपं असतं.

शनिवारी काकांनी चष्मा लावून अर्ज वाचायला घेतला. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. नाव, जन्मस्थळ, वडिलांचं नाव. मग थांबलं.

‘हे कोणी लिवलं?’

‘मी, काका.’

‘खोडता येते?’

‘शाईने लिहिलंय.’

‘हाव. दिसते.’

त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला, सुरकुती पडू नये असा हळूच. ल्हामो त्यांच्या भाषेत काहीतरी बोलायला लागली; त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. मी माझ्या सवयीने मुद्दे मांडायला घेतले. काका, एक शब्द आहे. फाईलमध्ये जाऊन पडेल. कोण बघतंय? तुमच्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. बहीण बाहत्तर वर्षांची आहे. बहीण महत्त्वाची की शब्द?

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘तुमच्या आजोबाच्या वक्ताले इंग्रज होता ना तुमच्याकडं? तुमच्या आजोबानं लिवलं असतं असं?’

आणि मला वाटलं, माझ्याकडे याचं उत्तर आहे.

‘लिहिलंच की, काका. माझे आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. इंग्रजांचा पगार, इंग्रजांचे कागद. घर चालवायचं होतं. कागदावर लिहिलं म्हणून कुणी इंग्रज होत नाही.’

‘आन् इंग्रज गेला तेव्हा? तुमच्या आजोबाले कोणी काही म्हटलं?’

‘काही नाही. पेन्शन मिळाली. पंधरा ऑगस्टला शाळेत पहिल्या रांगेत खुर्ची असायची त्यांना.’

काका हसले. खरंच मनापासून हसले, दाताच्या फटीतून हवा गेली. मग म्हणाले, ‘तुमचा इंग्रज गेला, मॅडम. म्हणून तुमच्या आजोबाले माफ झालं. आमचा अजून गेला नाही ना.’

मी त्यांना अर्धंच सांगितलं होतं. आमच्या आत्याने मरायच्या आधी मला एक गोष्ट सांगितली होती. बेचाळीस साली गावातून धरून नेलेल्यांची यादी आजोबांच्या हातची होती. वरच्या साहेबाने खास त्यांना बसवलं, कारण अक्षर सुंदर. सतरा नावं, वडिलांच्या नावासकट, वयासकट, एकही खाडाखोड नाही. आमच्या घरात आजोबांच्या अक्षराचं फार कौतुक. मला मराठी शुद्धलेखनात बक्षीस मिळालं तेव्हा सगळे म्हणाले, आजोबांचा हात आलाय. इथे हॅरोत पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला दर वर्षी कुणी ना कुणी आपल्या आजोबांच्या तुरुंगवासाची गोष्ट सांगतं. मी ऐकत असते. सगळ्यांचेच आजोबा तुरुंगात होते तर बाहेर बसून याद्या कुणी लिहिल्या?

अर्ज दहा दिवस एजवेअरच्या टेबलावर पडून राहिला. त्या दहा दिवसांत माझ्या डायरीत इंग्रजी, फिजिक्स, फ्रेंच आणि इतिहास आहेत. इतिहासाच्या पेपरला हॉलमध्ये इतका उकाडा होता की दोन मुलींना बाहेर न्यावं लागलं. दारं उघडी ठेवली तर गवत कापायच्या मशीनचा आवाज, बंद केली तर श्वास नाही. ल्हामो रांगांमधून तिच्या मुक्या बुटांनी फिरत होती आणि माझ्याजवळून जाताना मी प्रत्येक वेळी भुवया उंचावत होते : झालं का? ती मान हलवत होती : नाही. पेपर संपल्यावर मी तिला म्हणाले, ‘अगं, वेळ जातोय. तू थोडा जोर कर ना.’

‘तुम्हीच करा मॅडम,’ ती म्हणाली. ‘मी त्याईची पोरगी आहो. मले नाही जमत.’

मी केला. बुधवारी शाळेतून थेट एजवेअर. त्याच दिवशी काठमांडूहून नवा निरोप आला होता आणि ल्हामोने तो मला मराठीत करून सांगितला. बहीण म्हणते, एकदा तोंड दाखव, मग मी जाते. काकांच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. ते स्वयंपाकघरात जाऊन हात धुऊन आले, पुसले, आणि पेन मागितलं.

सही त्यांनी त्यांच्या लिपीत केली. मी ती लिपी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. आपल्यासारखीच, वरच्या रेषेला टांगलेली अक्षरं. फक्त पाय लांब, खाली निमुळते होत गेलेले. फार सावकाश केली. चौकटीच्या किंचित बाहेर गेली तेव्हा मला वाटलं, चालेल ना हे?

‘छान,’ मी म्हणाले.

परीक्षेत एखादं घाबरलेलं मूल शेवटी नाव-नंबर नीट लिहितं तेव्हा मी जसं म्हणते तसं. मग स्टिकर काढला, अर्ज प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. बसमध्ये डायरी उघडून त्या ओळीपुढे टिक केली.

पावती आली. पुढे काही आलं नाही. जून संपला, टेबलं गेली, रबराच्या गुंडाळ्या झाल्या, हॉल पुन्हा बॅडमिंटनचा झाला. मी दोनदा ईमेल केली, एकदा फोन. ‘प्रक्रिया चालू आहे.’ ऑगस्टमध्ये निकालाच्या आठवड्यात ल्हामोचा मेसेज आला. बहीण गेली. कधी? जूनमध्ये. जूनमध्ये कधी? निरोप चार तोंडांतून आला होता. एक म्हणे सुरुवातीला, एक म्हणे मध्यावर. मी कागदावर दोन रकाने आखले, एकात निरोपांच्या तारखा, एकात आमच्या. सही आधी की मरण आधी? जुळेना. ‘तोंड दाखव’ हा निरोप निघाला तेव्हा ती होती, एवढंच नक्की. तो काकांच्या हातात पडला तेव्हा होती की नव्हती, हे कुणालाच माहीत नाही. अर्जाला उत्तर आजतागायत आलेलं नाही. होकार नाही, नकारही नाही. सही मात्र त्या कचेरीकडे आहे.

त्याच आठवड्यात पंधरा ऑगस्ट होता. आमच्या हॅरोतल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची यादी अर्थात माझ्याकडे. ल्हामोने विचारलं होतं, पालाला दोन मिनिटं बोलू द्याल काय? बहिणीबद्दल. मराठीतच बोलतील. मी सतीशला विचारलं. तो त्या वर्षी सेक्रेटरी होता.

‘अगं, हा आपला कार्यक्रम आहे,’ तो म्हणाला. ‘राजकारण कशाला? हॉलवाल्यांना काय सांगू? परत लहान मुलांचे डान्स आहेत, उशीर होतो.’

स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात स्वातंत्र्य हा विषय राजकीय ठरला. मी भांडले नाही. मी कार्यक्रमपत्रिका छापायला पाठवली. काका तरीही आले, मागच्या रांगेत बसले. राष्ट्रगीताला ताठ उभे होते, सगळे शब्द येत होते त्यांना. नंतर समोशाच्या रांगेत कुणीतरी कौतुकाने विचारलं, ‘अरे वा, तुम्ही नेपाळचे का?’

‘गोंदियाचा,’ काका म्हणाले.

पुढच्या मार्चमध्ये मी ल्हामोला सहज विचारलं, पाला जाणार ना मिरवणुकीला? ती म्हणाली, नाही. झगा काढला, इस्त्री केला, घातला, आणि खुर्चीवर बसून राहिले. म्हणाले, ज्याची सही तिकडं आहे त्यानं इकडं झेंडा धरावा काय? कुणी त्यांना काही म्हटलं नव्हतं. कुणाला माहीतच नव्हतं. फक्त आम्हा तिघांना.

तेव्हा मी एजवेअरला गेले. माफी मागायची म्हणून शब्द तयार करून गेले होते, तेही लिहून. काकांनी ऐकून घेतले नाहीत. ‘तुम्ही काऊन रडता? सही माही आहे.’ मग चहा ओतता ओतता त्यांनी एक विचारलं. ‘मॅडम, तुमच्या परीक्षेत पोराचं नाव घातलं आन् त्याले बसायचं नसलं तं काढता येते ना?’

‘येतं. अर्ज असतो त्याचा.’

‘मंग माहं काढा.’

या एका गोष्टीची पद्धत मला माहीत नव्हती. कुणालाच नसावी. तरी मी पत्र लिहिलं : माझा अमुक तारखेचा अर्ज आणि त्यातलं निवेदन मी मागे घेत आहे. एकच परिच्छेद, स्वच्छ. राष्ट्रीयत्वाचा शब्द या वेळी मी लिहिला नाही, जागा सोडली. काकांनी स्वतः लिहिला, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर नीट. तिबेटी. मग मी सहीसाठी पेन पुढे केलं आणि त्यांनी ते घेतलं नाही. ‘सही वापरून झाली,’ म्हणाले. त्यांनी माझ्या हातातल्याच पेनाच्या टोकावर अंगठा घासला, पुरेशी शाई लागेपर्यंत, आणि पत्राखाली दाबला.

त्या पत्रालाही उत्तर नाही. वर्षातून एकदा, टेबलं येतात त्या आठवड्यात, मी ते पुन्हा पाठवते.

गेल्या महिन्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ल्हामोला ड्युटी होती म्हणून संमतीच्या कागदांसाठी मी त्यांच्याबरोबर गेले. नर्स तरुण होती, हसरी. तिने पेन दिलं. काकांनी कोटाच्या खिशातून शिक्क्याच्या शाईची गोल डबी काढली, झाकण उघडलं, अंगठा निळा केला आणि दाखवलेल्या रेषेवर ठेवला. नर्सने माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि अगदी मायेने विचारलं, ‘त्यांना लिहितावाचता येत नाही का?’

काकांचं इंग्रजी तेवढं चांगलं आहे. त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी काय उत्तर देते ते पाहायला. फॉर्मवर त्यासाठीही एक चौकट होती. नर्सने टिक करायला पेन उचललं होतं.

‘येतं,’ मी म्हणाले. ‘तीन लिप्या येतात त्यांना. सही करत नाहीत.’

‘का?’

काकांनी रुमालाने अंगठा पुसला, डबीचं झाकण लावलं आणि तिला विचारलं, पुढचा कागद कुठे आहे.